आर्सेनलची जाहिरात व चॅपमनची नेमणूक

फुटबॉलचा विषय या पृष्ठांत आलेला पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु नेमणुकीचा कागद व प्रत्यक्ष नेमणूक यांत किती अंतर असूं शकतें, हा प्रश्न आमच्या नित्याच्या कामांतलाच असल्यानें इंग्लंडांतील एक प्रकरण येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुन्या क्लबांत कोणते अकरा गडी उतरवावयाचे हें कमिटी ठरवी. सेक्रेटरी तिचा हुकूम बजावी. पुढें व्यवस्थापक हा स्वतंत्र अधिकारी उत्पन्न झाला. लंडनच्या आर्सेनल क्लबानें इ. स. १९२५ च्या मे महिन्यांत असा अधिकारी पाहिजे म्हणून ‘अ‍ॅथलेटिक न्यूज’ पत्रांत जाहिरात दिली. अध्यक्ष सर हेन्री नॉरिस. उमेदवार अनुभवी, योग्य व चारित्र्यवान असावा. दुसऱ्यांचे खेळाडू भारी किंमत मोजून आणल्यावांचून ज्यांस संघ उभारतां येत नाहीं त्यांनीं अर्ज करूं नये, असा तिचा आशय. एवढा एकच कागद हातीं लागला असता, तर निष्कलंक व काटकसरी असा कोणी गृहस्थ नेमला गेला, असें अनुमान आम्हींही केलें असतें.

प्रत्यक्षांत नेमला गेला हर्बर्ट चॅपमन. १९२४ व १९२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें लीग जिंकणाऱ्या हडर्सफील्डचा हा व्यवस्थापक. वेतन सालीना २,००० पौंड. त्याच उन्हाळ्यांत संडरलंडचा चार्ली बुकन आणिला, तो २,००० पौंड रोख व पहिल्या हंगामांतील दर गोलास १०० पौंड या करारानें. बुकननें २१ गोल केले; म्हणजे किंमत ४,१०० पौंडांवर गेली. जाहिरातींतील अट अशी पहिल्याच हंगामांत बुडाली.

चारित्र्याची गोष्ट अधिक बिकट. चॅपमन पूर्वीं लीड्स सिटी क्लबाकडे होता. युद्धकाळीं खेळाडूंस नियमबाह्य पैसे दिल्याचा त्या क्लबावर आरोप आला. १९१९ मध्यें चौकशीपुढें हिशेबाच्या वह्या मागविल्या असतां क्लबानें त्या हजर केल्या नाहींत. क्लब लीगमधून काढला गेला व चॅपमनवरही बंदी आली. आपण त्या काळीं बार्नबो येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांत होतों, या कारणावर अपिलांत ती उठली. दप्तरच पुढें न आल्यामुळें त्यास दोषी म्हणतां येत नाहीं, तसेंच बंदी उठली एवढ्यावरून निर्दोषही म्हणतां येत नाहीं, असें आमचें मत आहे. दप्तर दडविणाऱ्यांनीं आपल्याबरोबर त्याचेंही नुकसान केलें, हें मात्र खरें.

गंमत अशी कीं, चारित्र्याची अट घालणाऱ्या नॉरिस यांनाच क्लबाच्या पैशाच्या गैरवापरावरून १९२७ मध्यें फुटबॉलच्या कारभारांतून दूर व्हावें लागलें. चॅपमन राहिला. १९३० मध्यें एफ्. ए. कप, १९३१ व १९३३ मध्यें लीग त्यानें क्लबास मिळवून दिली. ६ जानेवारी १९३४ रोजीं तो वारला; त्याच्या जागीं पुढें क्लबाचाच एक डायरेक्टर, जॉर्ज अ‍ॅलिसन, आला.