खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत केसाळ शेवाळ का माजतं? बोअरच्या पाण्यापासून मोरचुदापर्यंत सगळं काही

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याहून समुद्र गाठायचा तर आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट आणि मुरबाड ओलांडून आधी कल्याणला उतरावं लागतं. सोमवारच्या बैलबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात समुद्राची हवासुद्धा पोचत नाही. तरीही आता समुद्र घरात आणता येतो. काचेची टाकी, खडक, लाटा करणारा छोटा पंप, निळसर एलईडी दिवा आणि ‘मरीन सॉल्ट’ची पिशवी ऑनलाइन मागवली की झालं. रील्समध्ये दिसतात तसे नारिंगी-पांढरे क्लाउनफिश दिवाणखान्यात पोहू लागतात.

पहिला महिना छान जातो. मग खडकांवर तपकिरी साय धरते, ती जाते न जाते तोच हिरवी लव दिसू लागते, आणि बघता बघता लवीचे केस होतात. बोटभर लांब, पंपाच्या प्रवाहात डुलणारे. यालाच हौशी लोक ‘हेअर अल्गी’ म्हणतात. डर्बेशिया, क्लॅडोफोरा, ब्रायोप्सिस अशा वेगवेगळ्या शेवाळांना मिळून हे एकच नाव पडलं आहे.

हा रोग नाही. टाकीत खत जास्त झालंय, याची ती खूण आहे. बेल्ह्याच्या परिसरात हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये, कारण प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात हेच घडतं: साचलेलं पाणी, वर ऊन, पाण्यात उतरलेलं नत्र आणि स्फुरद. मग शेवाळ धरतं आणि ठिबकचे फिल्टर चोंदतात. काचेच्या टाकीत नत्र म्हणजे नायट्रेट, स्फुरद म्हणजे फॉस्फेट आणि ऊन म्हणजे एलईडी, एवढाच फरक.

नव्या टाकीतच का?

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर आणि वाळूत वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. साखळी सुरू झाली की अमोनियाचा धोका टळतो, पण शेवटी उरलेलं नायट्रेट पाण्यातच राहतं. त्याच वेळी खडक अजून उघडेबोडके असतात. जुन्या टाकीत त्यांच्यावर गुलाबी-जांभळ्या चुनखडी शेवाळाचा थर चढलेला असतो, बारीकसारीक जीव राहत असतात, कुणाला रिकामी जागा मिळत नाही. नव्या टाकीत मात्र जागा मोकळी, खत तयार आणि दिवा दहा तास चालू.

फॉस्फेटचा हिशेब तर चकित करणारा आहे. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि फॉस्फेटच्या रूपात मोजलं तर सुमारे तीस मिलिग्रॅम. हे सगळं विरघळलं तर १०० लिटरच्या टाकीत फॉस्फेट लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढतं. अशा टाकीत ते ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान राहिलेलं बरं मानतात. दोन इवल्याशा माशांना दिवसाला एक ग्रॅम खाद्य लागत नाही, पण घरातली लहान मुलं चार वेळा चिमटी सोडतात तेव्हा हा ग्रॅम कधी झाला ते कळत नाही.

पाणी प्यायला चांगलं, म्हणून टाकीला चांगलं?

बेल्हे आणि एकूणच जुन्नरचा पूर्व भाग पावसाच्या बाबतीत कमनशिबी. तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याकडे ढग रिते होतात आणि इकडे उन्हाळ्यात विहिरी-बोअर तळ गाठतात. बेसाल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, आणि आजूबाजूला कांदा-उसाला वर्षानुवर्षं युरिया पडत असेल तर त्यात नायट्रेटही उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालतं. रीफ टाकीत मात्र ते साधारण २ ते १० इतकंच ठेवायचं असतं. म्हणजे पिण्याच्या परीक्षेत पास झालेलं पाणी टाकीत चौपट-पाचपट नापास होऊ शकतं.

शिवाय टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरायचं असतं. समजा, रोज दोन लिटर पाणी उडालं आणि तेवढंच बोअरचं घातलं, ज्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. महिन्याभरात १,२०० मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत जमा झालं. १०० लिटरच्या टाकीत ही १२ अंशांची वाढ, तीही माशांनी काही न खाता!

मग घरचा आरओ वापरावा का? इथे बहुतेक जण फसतात. अनेक घरगुती आरओमध्ये पाण्याला चव यावी म्हणून ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी परत मिसळतो. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर नळाखाली धरला की ८० किंवा १२० असा आकडा दिसतो. टाकीसाठी तो शून्याच्या जवळ हवा. त्यासाठी मिसळणी बंद करून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा एक डबा जोडतात. यात एक खर्च कुणी सांगत नाही: घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीवर हा आकडा टाकी घेण्याआधी मांडायला हवा. (बाहेर पडलेलं पाणी फरशी आणि भांड्यांना चालतं.)

मोरचूद? अजिबात नाही

शेततळ्यात शेवाळ झालं की मोरचुदाची पुरचुंडी बांधून पाण्यात सोडणं हा शेतकऱ्यांचा माहितीतला उपाय आहे. द्राक्षबागेच्या पट्ट्यात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरात असतोच. त्यामुळे हात सहज तिकडे जातो. खाऱ्या टाकीत हीच सर्वांत महाग चूक ठरते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांब्याच्या अगदी थोड्या अंशाने कोळंबी, खेकडे, शंखातल्या गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. म्हणजे शेवाळ खाणारी फौजच आधी गारद होते. वर तांबं चुनखडीच्या खडकात आणि वाळूत मुरतं आणि पुढे कितीतरी दिवस हळूहळू सुटत राहतं. पाणी बदललं तरी खडक विषारीच.

ब्लीच किंवा तयार ‘शेवाळनाशक’ बाटल्यांचीही घाई नको. भरपूर शेवाळ एकदम मेलं तर ते टाकीतच सडतं, ऑक्सिजन ओढून घेतं आणि शोषलेलं खत पुन्हा पाण्यात सोडतं. रात्री वीज गेलेली असेल तर सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. गावातल्या टाकीला बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप म्हणूनच चैन नाही, गरज आहे.

मग करायचं काय?

आधी हाताने उपटायचं. कंटाळवाणं आहे, पण याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. शेवाळाच्या प्रत्येक झुबक्यात पाण्यातून शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट असतं. तो बाहेर काढला की खतही बाहेर गेलं. टाकीतलं थोडं खारं पाणी बादलीत घ्यायचं, खडक त्यात धरायचा आणि जुन्या टूथब्रशने घासायचा. टाकीतच घासलं तर तुटलेले तंतू सगळीकडे पसरून नव्या जागी रुजतात. जो खडक काढता येत नाही, तिथे एका हाताने उपटत दुसऱ्या हातातल्या नळीने ओढून घ्यायचं.

आठवड्याला दहा-वीस टक्के पाणी बदलायचं. एकदा बदलून चमत्कार होत नाही, हेही ध्यानात असू द्यावं. नायट्रेट २० असेल आणि पाचवा हिस्सा पाणी शुद्ध घातलं तर ते १६ होतं, बस्स. फॉस्फेट तर आणखी चिवट, कारण ते खडकात मुरलेलं असतं आणि पाण्यातलं कमी झालं की खडक ते परत सोडतो. त्यासाठी फेरिक ऑक्साइडचे दाणे फिल्टरमध्ये ठेवतात. ते थोडेच घालावेत. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले तर हिरव्या केसांच्या जागी तपकिरी, बुडबुडे धरणारे चिकट डायनोफ्लॅजेलेट्स येतात, आणि त्यांच्यापुढे हेअर अल्गी परवडली असं वाटतं.

टेस्ट किटचा शून्यही फसवा असतो. टाकी केसांनी भरली असताना फॉस्फेट शून्य दिसतं, कारण ते पाण्यात नाही, शेवाळाच्या पोटात आहे.

दिवा सहा ते आठ तासांवर आणायचा आणि टाकी खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही.

चौथी गोष्ट म्हणजे चरणारे जीव. याचं महत्त्व जगाला १९८३ मध्ये कळलं. पनामाच्या किनाऱ्यापासून एक रोग पसरला आणि वर्ष-दीड वर्षात कॅरिबियन समुद्रातल्या लांब काट्यांच्या काळ्या समुद्री साळिंदरांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मेली. ती शेवाळ चरायची. ती गेल्यावर जमैकासारख्या ठिकाणी प्रवाळ शेवाळाखाली झाकले गेले. टाकीत हे काम टर्बो आणि ट्रोकससारख्या गोगलगायी करतात, हर्मिट खेकडेही थोडी मदत करतात. मात्र त्या कोवळं, आखूड शेवाळ खातात. बोटभर वाढलेल्या केसांना त्या तोंड लावत नाहीत, म्हणून उपटणं आधी आणि गोगलगायी नंतर.

विकत घेण्याआधी कायदा बघा

रीफ टाकी म्हटलं की प्रवाळ हवेतच असं वाटतं. पण दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. गुन्हा सिद्ध झाला तर सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ हाही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. आपल्याकडे मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथून आठवण म्हणून उचललेला तुकडाही याच कायद्यात येतो. काही जातींच्या शंखांनाही संरक्षण असल्याने गोगलगायी घेताना जातीचं नाव आणि पक्कं बिल मागावं. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे खडक आणि मासे एवढ्यावरही टाकी सुंदर दिसते, आणि शेवाळाचे नियम तिथेही तेच.

एवढं सगळं नेमाने केलं तरी फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर खडकांवर गुलाबी ठिपके दिसू लागले तर टाकी वळणावर येतेय असं समजावं. केसांऐवजी नेच्याच्या पानासारखे बारीक पिसारे दिसत असतील तर ते ब्रायोप्सिस. ते खत कमी करूनही सहसा हटत नाही, त्याचा उपाय अनुभवी माणसाला फोटो दाखवूनच ठरवावा.

आणि बदललेलं पाणी कुठे ओतायचं? लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने वीस लिटरच्या बादलीत ७०० ग्रॅम मीठ असतं. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मुळात सावकाश होतो. ते तुळशीत, परसात किंवा शेततळ्यात न ओतता सांडपाण्याच्या गटारात सोडावं.