हेबियस कॉर्पस अर्ज, राज्य-कैद्यांचा (अमेरिका)

अमेरिकेत घटकराज्याच्या न्यायालयाने शिक्षा दिलेल्या कैद्याने, आपली कैद देशाच्या संविधानाविरुद्ध आहे या कारणाने संघीय न्यायालयात केलेला अर्ज. भारतात हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरण, म्हटले की बेकायदा अटक आणि स्थानबद्धता आठवते. हा अर्ज मात्र खटला व राज्यातली अपिले संपल्यावर होतो. तो अपील नव्हे. त्याचे स्वरूप दिवाणी असून प्रतिवादी असतो कैद्याला ताब्यात ठेवणारा तुरुंगाधिकारी.

यादवी युद्धानंतर १८६७ च्या कायद्याने राज्य-कैद्यांना ही वाट खुली झाली. तिचे मोल मूर विरुद्ध डेम्पसी (१९२३) या खटल्यात कळते. आर्कान्सातील इलेन परिसरात १९१९ मध्ये वाट्याने शेती करणारे कृष्णवर्णीय संघटित होऊ लागले, तेव्हा त्यांची कत्तल झाली. आणि फाशीची शिक्षा झाली ती त्यांच्यातल्याच बारा जणांना. अर्जदार त्यांपैकी सहा. त्यांच्या म्हणण्यानुसार कोर्टाभोवती जमाव होता, खटला पाऊण तासात आटोपला आणि ज्यूरीने पाच मिनिटांच्या आत दोषी ठरवले. जमावाच्या दहशतीखाली असा खटला झाला असेल, तर राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्कामोर्तब केले म्हणून तो वैध ठरत नाही, असे न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिले आणि संघीय जिल्हा न्यायाधीशाला तथ्ये स्वतः तपासायला सांगितले. बारांपैकी कोणीही फासावर गेला नाही.

फे विरुद्ध नोइया (१९६३) या निकालाने वाट रुंदावली. सत्तरच्या दशकापासून ती आक्रसत गेली. ओक्लाहोमा सिटीतील बॉम्बस्फोटानंतर झालेल्या १९९६ च्या कायद्याने तर ती फारच चिंचोळी केली. शिक्षा अंतिम झाल्यापासून साधारणपणे एका वर्षाची मुदत. राज्यातल्या अर्ज-अपिलांचा काळ त्यातून वगळतात. दुसऱ्या अर्जाला अपील न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. राज्य न्यायालयाने गुणवत्तेवर निकाल दिला असेल, तर तो चुकीचा होता एवढे दाखवून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रस्थापित केलेल्या कायद्याशी तो विसंगत होता किंवा त्या कायद्याचा वापर अवाजवी होता, हे दाखवावे लागते.

एवढे गुंतागुंतीचे नियम, आणि फाशीचे कैदी सोडले तर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. बहुतेक कैदी अर्ज स्वतःच लिहितात, किंवा कायद्याची पुस्तके वाचून तयार झालेला सहकैदी लिहून देतो. तुरुंगात दुसरी सोय नसेल, तर अशा मदतीवर बंदी घालता येत नाही, असे जॉन्सन विरुद्ध एव्हरी (१९६९) मध्ये ठरले. शिन विरुद्ध रमिरेझ (२०२२) या निकालाने अडचण आणखी वाढवली. बचावाच्या वकिलाने पुरावा शोधलाच नाही आणि ते निदर्शनास आणण्यात पुढचा वकीलही चुकला, तरी संघीय न्यायालयाला तो नवा पुरावा सहसा विचारात घेता येत नाही.