ज्ञानकोशाची वाट

इतिहास, वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करावयाचा तर पदरीं पैसा हवाच, असें आतां म्हणतां येत नाहीं. ‘स्वयम्’ या सरकारी शिक्षणमंचावर २०१७ सालापासून विद्यापीठांचे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य ऐकावयास मिळतात. मराठी विश्वकोशहि इंटरनेटवर सर्वांस खुला आहे. याच मांडवांत एक जुना ग्रंथ येऊन बसला आहे, तो म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’. नागपूरकरांस त्याचें विशेष अगत्य असावें. कारण त्याच्या प्रकाशनासाठीं निघालेलें ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ हें मूळचें नागपूरचें.

केतकरांचा जन्म १८८४ सालीं रायपूर येथें झाला. अमरावतीस शाळा, मुंबईस कॉलेज आणि नंतर अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी., असा त्यांचा विद्याव्यासंग. परत आल्यावर त्यांनीं मराठी कोशाचा संकल्प केला, त्या वेळीं नागपुरांत हिस्लॉप व मॉरिस हीं कॉलेजें होतीं. परंतु शहरास स्वतःचें विद्यापीठ लाभलें तें १९२३ सालीं. कॉलेजांतील विद्येचें दारहि इंग्रजीचेंच होतें. मराठी शाळेचा पंतोजी, पेढीवरचा कारकून, घरांत वाचावयास शिकलेली गृहिणी यांनीं जगाचा इतिहास कोणत्या भाषेंत वाचावा, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हतें. केतकरांनीं तो विचारला आणि उत्तरादाखल कंपनी काढली. भागभांडवल जमवावयाचें, वर्गणीदार मिळवावयाचे, लेखक तयार करावयाचे, आणि पारिभाषिक शब्द नसतील तेथें तेहि घडवावयाचे! पुढें काम पुण्यास हललें व १९२० नंतरच्या दहा वर्षांच्या आंत तेवीस विभाग बाहेर पडले.

या कोशाची खरी खुबी त्याच्या मांडणींत आहे. अकारविल्हे नोंदी सुरू होतात त्या सहाव्या विभागापासून. त्यापूर्वीं पांच विभागांची प्रस्तावना आहे: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. सुट्या माहितीपूर्वीं तिला धरून ठेवणारी कालाची व विचाराची चौकट वाचकाच्या हातीं द्यावी, अशी ही योजना आहे. वाचक प्रथम जगाच्या इतिहासांतून चालत येतो आणि मगच एखाद्या नांवापाशीं थांबतो.

आजच्या विनामूल्य विद्येंत नेमकी हीच गोष्ट दुर्मिळ झाली आहे. आपण एक शब्द शोधतों, दहा ओळी वाचतों आणि दुसऱ्या शब्दाकडे उडी घेतों. सायंकाळपर्यंत माहिती पुष्कळ जमते. पण शंकराचार्य आधीं कीं नागार्जुन आधीं, आणि एकाच्या प्रश्नाचा दुसऱ्याच्या उत्तराशीं संबंध काय, असें कोणी विचारलें तर आपण निरुत्तर होतों. ग्रंथ दुर्लभ होते तेव्हां अज्ञानास दारिद्र्याची सबब होती. आतां ती उरली नाहीं.

अर्थात् शंभर वर्षांपूर्वींचा कोश प्रमाण मानून चालणार नाहीं. सिंधुसंस्कृतीचा शोध जगापुढें आला तो १९२४ सालीं, आणि कोशाचें काम त्यापूर्वींच बरेंच पुढें गेलें होतें. त्यांतील समाजविषयक मतेंहि त्या काळचीं आहेत. म्हणून शेजारीं विश्वकोशाची नोंद ठेवावी आणि दोहोंत अंतर कोठें पडतें तें टिपून घ्यावें. ज्ञान कसें पालटत जातें, हाहि इतिहासाचाच एक धडा आहे.

केतकर १९३७ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं वारले. ज्या पानांसाठीं त्या पिढीनें वर्गणी भरली, तीं आज आपणांस कवडीहि न देतां वाचतां येतात. त्यांची किंमत वेळाच्या रूपानें चुकती करावी. घरांतील मुलांना घेऊन रोज अर्धा तास बसावें आणि आरंभ पहिल्या विभागाच्या पहिल्या पानापासून करावा.