दंताकृती आणि हिरड्यांचे आरोग्य

दंताकृती आणि हिरड्यांचे आरोग्य : दाताच्या आकाराचा हिरडीवर आणि तिच्या आसपासच्या ऊतकांवर होणारा परिणाम. हिरडी, मुळावरचा सिमेंटमचा थर, दात ज्यात रोवलेला असतो ती हाडाची खोबण आणि दाताला खोबणीशी बांधून ठेवणारे जेमतेम ०.२ मिमी. जाडीचे तंतूंचे अस्तर, या चारही ऊतकांना मिळून परिदंत म्हणतात. दातांचा आकार अन्न कापायला आणि दळायला असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. तोच आकार या नाजूक ऊतकांना रोजच्या जेवणातून सुखरूप ठेवतो, याकडे मात्र हिरडी दुखू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थ्यांना मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरून काढावा लागतो. त्या किचकट कामाचे मोल पुढे रुग्णाच्या दातावर कॅप बसवताना कळते.

आकारातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शेजारच्या दोन दातांचे स्पर्शस्थान. नव्याने उगवलेल्या दातांत ते ठिपक्याएवढे असते. चावताना प्रत्येक दात खोबणीत किंचित हलतो आणि शेजाऱ्यावर घासतो, त्यामुळे वयाबरोबर ठिपक्याची पसरट जागा होते. समोरच्या पटाशीच्या दोन दातांत हा स्पर्श दाताच्या धारेजवळ असतो. मागे जावे तसतसा तो हिरडीच्या दिशेने सरकतो आणि दाढांत साधारण मध्यावर येतो. स्पर्श घट्ट असला की घास मधल्या फटीत शिरत नाही. हा घट्टपणा फ्लॉसने सहज तपासता येतो : निरोगी जागी दोरा थोडा अडतो आणि मग ‘टक्’ करून आत जातो. अडखळला नाही तर स्पर्श सैल आहे असे समजावे.

स्पर्श सुटला की काय होते, ते खालच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मध्ये चांगले पाहायला मिळते. कडेने कीड लागते, दात भरला जातो, पण भरलेला भाग शेजारच्या दाढेला टेकत नाही. केसाएवढी फट राहते. समोरच्या जबड्यातल्या दाढेचे टोक नेमके त्या फटीवर उतरत असेल, तर ते दर घासाला अन्न आत ठासते. मटणाचा धागा, आंब्याची शीर, पालेभाजीचा देठ, जे आत जाईल ते हिरडीवर दाबले जाते. माणूस दातकोरण्याने ते उकरून काढतो. तेवढ्यापुरते बरे वाटते, पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. काही महिन्यांत तिथली हिरडी सुजते, ब्रश लागताच रक्त येते आणि हळूहळू खालचे हाड झिजू लागते. आयझॅडोर हर्शफेल्ड या अमेरिकन दंतवैद्याने घास अडकण्याच्या अशा कारणांची पद्धतशीर मांडणी १९३० मध्ये केली होती आणि ती आजही उपयोगी पडते. समोरच्या दाढेचे टोक थोडे गोल करावे लागते, पण मूळ उपाय स्पर्श पुन्हा जुळवून देणे हाच. नुसत्या औषधी गुळण्यांनी ही हिरडी बरी होत नाही.

स्पर्शस्थानाच्या चारही बाजूंना दात एकमेकांपासून वळून दूर जातात आणि तिथे पाचरीच्या आकाराच्या मोकळ्या जागा तयार होतात. धरणाच्या सांडव्यातून जादा पाणी जावे तसे चावलेले अन्न या जागांतून गालाकडे आणि जिभेकडे निसटते आणि चावण्याचा जोरही थोडा हलका होतो. बहुतेक दात जिभेच्या बाजूला निमुळते असल्याने त्या बाजूची जागा जास्त रुंद असते. वरची पहिली दाढ याला अपवाद आहे. शेजारच्या दोन दाढांच्या कडा एका उंचीला असणेही तितकेच आवश्यक आहे. एक कड उंच, दुसरी खाली असली की पायरी तयार होते आणि घास तिच्यावर आपटून फटीत घुसतो.

स्पर्शस्थानाच्या आणि हाडाच्या मधली जागा हिरडीचा अंकुरक भरून काढतो. समोरच्या दातांत त्याचे टोक सुईसारखे निमुळते असते. दाढांत स्पर्श रुंद असल्याने अंकुरकाला गालाकडे एक आणि जिभेकडे एक अशी दोन टोके येतात आणि मधोमध, स्पर्शाच्या अगदी खाली, खोलगट भाग राहतो. या खोलगट भागावरचे आवरण बाकी हिरडीसारखे केराटिनाने टणक झालेले नसते, म्हणून जंतूंचा थर साचला की तिथे दाह चटकन होतो. डेनिस टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली : स्पर्शस्थानापासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर ५ मिमी. किंवा कमी असताना अंकुरक जवळजवळ नेहमी पूर्ण जागा भरतो, ६ मिमी.ला हे प्रमाण ५६ टक्के आणि ७ मिमी.ला २७ टक्के इतके खाली येते. त्रिकोणी दातांत स्पर्श धारेजवळ गेलेला असतो, त्यामुळे हाड थोडेही उतरले की हसताना दातांमध्ये काळे त्रिकोण दिसू लागतात. चौकोनी दातांत स्पर्श लांबलचक असतो आणि सोबत बहुधा जाड, सपाट हिरडीही असते. अशी हिरडी झीज जास्त सोसते.

इनॅमल संपून सिमेंटम सुरू होते ती रेषाही सरळ नसते. दोन दातांच्या मध्ये ती धारेकडे कमानीसारखी वर चढते. पटाशीच्या वरच्या मधल्या दातात ही कमान आतल्या, म्हणजे मध्यरेषेकडच्या बाजूला सुमारे ३.५ मिमी. असते, तर दाढांत ती १ मिमी.च्या आसपास किंवा जवळजवळ सपाट होते. खालचे हाड याच रेषेला धरून चढते-उतरते.

दाताच्या बाहेरच्या फुगवट्याबद्दल मात्र मत पुरते बदलले आहे आणि हा बदल प्रत्येक कॅप घालणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. गालाकडच्या बाजूला सर्व दात हिरडीजवळच्या एक-तृतीयांश भागात साधारण अर्धा मिमी. फुगीर असतात, खालच्या दाढा जिभेकडे मध्यावर सुमारे १ मिमी. बाहेर येतात. रसेल व्हीलर यांच्या १९४० मध्ये प्रथम निघालेल्या पाठ्यपुस्तकाने अनेक पिढ्यांना असे शिकवले की हा फुगवटा घासाला हिरडीवरून बाहेर ढकलतो; फुगवटा कमी पडला तर अन्न हिरडीला जखमी करते आणि जास्त झाला तर हिरडीला अन्नाच्या घासण्याने मिळणारी मालिश मिळत नाही. त्यामुळे पुष्कळ दंतवैद्य कॅपला मुद्दाम चांगला गोल फुगवटा देत राहिले.

हिरडी सुजण्याचे खरे कारण हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवले. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूस येथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि दात घासायला लागल्यावर पुन्हा पूर्ववत झाल्या. दोषी ठरला तो दातावरचा जंतूंचा थर. मग १९७१ मध्ये मॉर्टन पेरेल यांनी कुत्र्यांच्या दातांचा फुगवटा काढून पाहिला, तेव्हा हिरडीला फारसे काही झाले नाही. फुगवटा वाढवला तेव्हा मात्र ती सुजली आणि वाढली. कारण सरळ आहे : फुगलेल्या कॅपच्या पोटाखाली ब्रशचे केस पोचत नाहीत, गाल आणि जीभही ती जागा पुसत नाहीत. पोट सुटलेल्या कॅपपेक्षा किंचित सपाट कॅप बरी, हे आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. तरीही दात पुरेसा न तासता त्यावर जाड कॅप चढवली जाते आणि वर्षभरात तिच्या कडेने लालभडक, फुगलेली हिरडी दिसते. अशा वेळी रुग्णाला ‘नीट ब्रश करत नाही’ म्हणून दोष देणे अन्यायाचे आहे.

कॅपची कड हिरडीखाली किती न्यावी, यालाही मर्यादा आहे. गार्गिउलो, वेंट्झ आणि ऑर्बन यांनी १९६१ मध्ये मोजले की हिरडी दाताला जिथे चिकटते तो आवरणाचा भाग सरासरी ०.९७ मिमी. आणि त्याखालचे तंतू १.०७ मिमी. असतात. कड या दोन मिमी.च्या पट्ट्यात घुसली की दाह हटत नाही आणि हाड स्वतःहून मागे सरते.

मुळांच्या आकाराचा वाटा वेगळा. वरच्या सुळ्याचे मूळ सुमारे १७ मिमी. लांब असते आणि दाढांना दोन-तीन मुळे पसरलेली असतात. त्यामुळे चावण्याचा भार जास्त तंतूंवर वाटला जातो आणि दात घट्ट राहतो. पण मुळे जिथे फुटतात ती बेचकी हिरडीखाली उघडी पडली की साफसफाई अवघड होते. बाउअर यांनी १९७९ मध्ये पहिल्या दाढांच्या बेचक्या मोजल्या, तेव्हा ५८ टक्के तोंडे ०.७५ मिमी. किंवा त्याहून अरुंद निघाली. कीटण खरवडण्याच्या हत्याराचे पातेच सहसा याहून रुंद असते. काही दाढांत इनॅमलची जीभ बेचकीकडे उतरलेली असते आणि इनॅमलवर तंतू रुजत नसल्याने तिथून जंतूंना आत वाट मिळते. वरच्या जबड्यात पटाशीच्या बाजूच्या दाताला टाळूकडे कधी कधी एक खाच असते, ती मुळावर खोलवर उतरते. बाकी तोंड स्वच्छ असताना त्या एकाच दाताशेजारी हाड गेलेले सापडते. वरच्या पहिल्या उपदाढेच्या सुळ्याकडच्या बाजूला जन्मतःच खोलगटपणा असतो, तो दाताच्या हिरडीवरच्या भागापासून मुळापर्यंत जातो. ताणलेला फ्लॉस या खळग्यावरून सरळ निघून जातो आणि आतला थर तसाच राहतो. हिरडी उतरून हा खळगा उघडा पडला असेल, तर तिथे दातांमध्ये फिरवायचा बारीक ब्रशच लागतो.