मडगावचे सात शिखरांचे घर

आपल्या धर्मप्रांतातून गोव्याला जाणारे यात्रेकरू जुन्या गोव्यातील बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेतात आणि परततात. मडगाव त्यांना केवळ रेल्वे स्थानक म्हणून ठाऊक असते. तेथील पवित्र आत्म्याच्या चर्चपासून फार दूर नसलेला द सिल्वा घराण्याचा वाडा मात्र मुद्दाम थांबून पाहावा, असे आम्ही सुचवू.

गोव्यातील पोर्तुगीज राज्यप्रमुखाचे खाजगी सचिव सेबास्तियांव द सिल्वा यांनी इ. स. 1790 च्या सुमारास हा वाडा बांधला. लोक त्याला ‘सात बुर्जां घर’ म्हणतात. हे बुर्ज किल्ल्याचे नव्हेत. दर्शनी भागावर ओळीने उभारलेली ती उंच, उतरती, कौलारू छपरे होत. सातांपैकी आज तीनच उरली आहेत. अशा छपरांचे दुखणे त्यांच्या सांध्यात असते. दोन उतारांच्या मधल्या पन्हळीत पावसाळाभर पाणी साचू पाहते, आणि एका वर्षाची हयगय खालच्या लाकडाला भोवते.

‘बरोक’ हा शब्द वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे मानतात. वळणे, वेलबुट्टी आणि छायाप्रकाशाचा खेळ ही या शैलीची लक्षणे. भंडारदऱ्याजवळ रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दगडातले बारीक कोरीव काम परिचित आहे. गोव्याच्या जांभ्यात ते साधत नाही. तो सच्छिद्र व ठिसूळ असतो. म्हणून तेथील कारागिरांनी युरोपातली नक्षी चुन्याच्या गिलाव्यात घडवली. हा गिलावा म्हणजे नुसता शृंगार नव्हे, तर जांभ्याचे पावसापासूनचे कवचही आहे. 1950 च्या दशकात जुन्या गोव्यातील बासिलिकेच्या बाहेरील भिंतींचा गिलावा काढण्यात आला. तिचा उघडा जांभा तेव्हापासून झिजतो आहे. ‘जुने’ दिसावे म्हणून चुना खरवडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वाड्याच्या भल्यामोठ्या खिडक्यांत काचांऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या आहेत. त्यांतून ऊन गाळून, दुधाळ होऊन आत येते. युरोपीय मुखवट्याच्या घराला ही खास किनारपट्टीची देणगी होय.

आमच्या दृष्टीने वाड्याचे हृदय म्हणजे संत आन्नाला वाहिलेले घरातील चॅपेल. घरातील वेदी आणि घरातली पवित्र मिस्सा यांत मोठे अंतर आहे. ट्रेंट धर्मपरिषदेने 1562 मध्ये खाजगी घरांत मिस्सा अर्पण करण्यास मनाई केली. त्यानंतर अशी मुभा हा रोमकडून मिळणारा दुर्मीळ सन्मान ठरला. गोव्यात तो प्रथम याच घराला लाभला, असे म्हटले जाते. अशा सन्मानाने घराण्याची प्रतिष्ठा वाढली, हे उघड आहे; श्रद्धा किती वाढली, हे परमेश्वरच जाणे. 1983 च्या धर्मसंहितेनुसार आता खाजगी चॅपेलमधील मिस्सेसाठी स्थानिक धर्माधिकाऱ्यांची परवानगी पुरेशी असते.

वाडा पाहण्यास जाणाऱ्यांनी हे वस्तुसंग्रहालय नसून घराण्याची खाजगी वास्तू आहे याचे भान ठेवावे. दर्शनी भाग रस्त्यावरूनही चांगला दिसतो.