अर्जदार लिओनार्दो

नोकरीच्या अर्जाला साहित्याच्या इतिहासात कोणी ओसरीवरदेखील बसू दिलेले नाही. वास्तविक कल्पनाशक्तीला इतका ताण कादंबरीतही पडत नाही. आमच्या पिढीचा अर्ज मात्र ठरीव साच्याचा. वर 'मेहेरबान', खाली 'आपला आज्ञाधारक', आणि मधे जन्मतारीख, मॅट्रिकचे मार्क आणि वडिलांचा हुद्दा. साहेबाला माणूस कशासाठी हवाय, याचा त्या कागदावर पत्ताच नसे. पुढे अर्जाचा बायोडेटा झाला, बायोडेटाचा रेझ्युमे झाला, आणि तो कसा लिहावा हे शिकवणारे वर्ग निघाले. तिथे फी घेऊन जे सांगतात, ते एका गरजू माणसाने १४८२ च्या सुमाराला इटलीत आपल्या अकलेने करून दाखवले होते. त्याचे नाव लिओनार्दो दा विंची.

वय तीस, मुक्काम फ्लॉरेन्स. चित्रकार म्हणून नाव होते, पण घेतलेले काम पुरे न करणारा म्हणूनही होतेच. १४८१ साली पोपने सिस्टाइन चॅपेलच्या भिंती रंगवायला फ्लॉरेन्सचे चित्रकार रोमला बोलावले. बोत्तिचेल्ली गेला, गिर्लांदायो गेला; लिओनार्दोला बोलावणे नाही. एका मठाने सांगितलेले मोठे चित्र घरात अर्धवट. बरोबरीची माणसे पुढे सरकली आणि आपण आहोत तिथेच, हे दुखणे कचेरीत जन्म काढलेल्या वाचकाला मी काय समजावणार?

त्याने मग मिलानकडे पाहिले. तिथे गादीवर पुतण्या आणि कारभार काकाच्या हाती. (हे प्रकरण मराठी माणसाला आणखी उलगडून सांगायला नको.) काकाचे नाव लुदोविको स्फोर्झा. त्या सुमाराला फेराराच्या बाजूने मिलान व्हेनिसशी लढत होते, म्हणजे काकांना चित्रांपेक्षा तोफांची निकड. अर्जदाराने नेमके हेच हेरले.

अर्जात त्याने चक्क क्रमांक घालून मुद्दे मांडले. उचलून नेता येतील असे हलके पण भक्कम पूल मी बांधीन. वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढून देईन. तोफेला दाद न देणारा किल्ला असेल तर पायातूनच उखडीन. आवाज न करता भुयारे खणीन, मग वर नदी का असेना! गारांसारखा दगडांचा मारा करणाऱ्या तोफा, आत माणसे बसवून शत्रूत घुसवायचे झाकलेले गाडे, समुद्रावरच्या लढाईची साधने, सगळे सगळे करीन. आता गंमत अशी की या गृहस्थाने तोवर एकही किल्ला पाडलेला नव्हता. पण पाडला असे तो कुठे म्हणतोय? त्याचा सारा अर्ज भविष्यकाळात आहे. आपण भूतकाळात लिहितो आणि भूतकाळ तुटपुंजा असतो, ही आपली अडचण.

दहाव्या कलमात शांततेचा काळ येतो: इमारती बांधीन, पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेईन. त्याला जोडून संगमरवराची, काशाची, मातीची शिल्पे, आणि मग जाता जाता, चित्रही काढतो बरं का, कोणाच्या तोडीचे म्हणाल त्याच्या तोडीचे! ज्याच्या एका चित्रापुढे आज पॅरिसमध्ये रांगा लागतात, त्याने चित्रकला जवळजवळ 'हॉबीज'च्या रकान्यात टाकली. मला इथे हसू येते आणि थोडे पोटात तुटतेही.

शेवटी दोन हुकमी पत्ते. आपल्या स्वर्गवासी वडिलांचा काशाचा घोडेस्वार पुतळा करून देईन, हा पहिला. लुदोविकोला तो करायचाच होता. दुसरा असा की, यातले काही अशक्य वाटले तर आपल्याच बागेत प्रात्यक्षिक दाखवायला मी तयार आहे.

या अर्जाचा कच्चा खर्डा मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयात 'कोडेक्स अटलांटिकस' या बाडात आहे. अक्षर मात्र लिओनार्दोचे नाही, असे जाणकार म्हणतात. तो डावखुरा, उजवीकडून डावीकडे उलटे लिहिणारा. साहेबाला अर्ज वाचायला आरसा धरावा लागला असता. तेव्हा त्याने चांगल्या अक्षराचा माणूस गाठला. आमच्याकडे मोत्यासारखे अक्षर असलेल्या शेजाऱ्याला चहा पाजून हेच करीत.

लिओनार्दो मिलानला गेला आणि १४९९ पर्यंत राहिला. पण काम काय मिळाले? १३ जानेवारी १४९० ला पुतण्याच्या नव्या राणीसाठी दरबारात सोहळा झाला, त्यात फिरणाऱ्या ग्रहांसकट स्वर्गाचा देखावा त्याने उभा केला. अर्ज तोफखान्याचा, नेमणूक मांडव सजवण्यावर! भोजनगृहाच्या भिंतीवर 'शेवटचे भोजन' रंगवले तेही मिलानातच. घोड्याचा मातीचा प्रचंड नमुना १४९३ त तयार झाला, लोक बघून थक्क झाले. आणि १४९४ त पुतळ्यासाठी जमवलेले कासे तोफा ओतायला गेले. अर्जात तोफा वर होत्या आणि घोडा तळाशी. साहेबांनी तोच क्रम पाळला. १४९९ त फ्रेंच फौजा शहरात शिरल्या, तेव्हा त्यांच्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजीचा सराव केला.

लष्करी इंजिनियरची जागा त्याला अखेर मिळाली ती १५०२ साली, वयाच्या पन्नाशीत, आणि दुसऱ्याच साहेबाकडे. चेझारे बोर्जा हा त्या काळचा भल्याभल्यांना कापरे भरवणारा सरदार. त्याने लिओनार्दोच्या नावे सही-शिक्क्याचे पत्र काढले की, हा आमचा वास्तुकार आणि मुख्य इंजिनियर, याला आमचे सगळे किल्ले तपासू द्यावेत. ती नोकरी वर्षभरसुद्धा टिकली नाही. इमोला गावाचा एक अप्रतिम नकाशा त्यातून निघाला, आणि तो बघताना पहिल्यांदा जाणवते ते हेच, की हा माणूस चित्र फार सुंदर काढतो.