तंबू कुजवणाऱ्या बुरशीची गोष्ट

रद्दी कागदापासून साखर करता येईल का? १८१९ साली फ्रान्समधील नान्सी येथे आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने कापडाच्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून साखर मिळवली होती. चिंध्या काय आणि कागद काय, दोन्ही मुख्यतः सेल्युलोज. म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. तिचा प्रत्येक दुवा तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो. म्हणून १६२ ग्रॅम सेल्युलोजपासून तत्त्वतः १८० ग्रॅम ग्लुकोज मिळते! पण आम्लामुळे भांडी झिजतात आणि तयार झालेली साखरही नासते.

दुसरी वाट अनपेक्षितपणे सापडली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू व कपडे भराभर कुजू लागले. हे थांबवण्यासाठी सैन्याच्या शास्त्रज्ञांनी कुजवणाऱ्या बुरशा गोळा केल्या. त्यांत सॉलोमन बेटांवरची एक ट्रायकोडर्मा होती. ती सेल्युलोज तोडणारी विकरे भरपूर स्रवते, असे एल्विन रीझ, मेरी मँडेल्स व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले.

१९७० नंतरच्या दशकात त्यांच्या नॅटिक येथील प्रयोगशाळेने प्रश्नच उलटा केला. जुनी वर्तमानपत्रे बारीक दळून त्यांवर ही विकरे वापरली. ग्लुकोज मिळाले, ते यीस्टने आंबवले की अल्कोहोल. मात्र कागदातले लिग्निन आडवे येई आणि विकरे महाग पडत. १९७७ साली या बुरशीला रीझ यांचे नाव देण्यात आले.

कुजण्याचा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांना जरूर विचारावे: १६२ चे १८० कसे झाले?